कमानीसाठी दिलेला अंगठा

कुंभिवली,
मंगळवार, दुपार

प्रिय धनेश,

आजीचं पत्र आलं म्हटल्यावर तुला हसू येईल. येऊ दे. फोन केला की तू 'काय गं म्हातारे, जेवलीस का' म्हणून मला हसवतोस, मी हसते, आणि बोलायचं ते पोटातच राहतं. कागदाला काही कोणाला हसवता येत नाही. म्हणून शेजारच्या विमलबाईला लिहायला बसवलं आहे. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली तिने. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. मी शिवी देते, तेव्हा ती पेन उचलून धरते आणि मी दमेपर्यंत थांबते. तेव्हा हे पत्र दिसतंय तितकी मी सभ्य नाही, हे ध्यानात ठेवून वाच.

हायवेला तुझा बॅनर लागला आहे. काळा चष्मा लावून हात जोडलेला माणूस माझाच नातू, एवढं मला न वाचता कळलं. देवापुढेही चष्मा काढत नाहीस का रं? वर कोपऱ्यात तुझ्या बापाचा फोटो आहे, बिस्किटाएवढा. विमलबाईने वाचून दाखवलं की तू जिल्हा परिषदेचा भावी सदस्य आहेस, आणि खाली लिहिलंय, 'आपलं गाव, आपलीच माणसं'. मी तिला दोनदा वाचायला लावलं. भिवाच्या, तुझ्या बापाच्या, फोटोखाली हे वाक्य कसं बसलं, ते मला बघून घ्यायचं होतं.

तुझा बाप दोनदा आमदार झाला आणि तिसऱ्यांदा पडला. कशाने पडला ते गावात पोरालाही ठाऊक आहे, 'परक्यांचा आमदार' म्हणायचे त्याला. पण परक्यांसाठी तो उभा का राहिला, ते त्याने तुला कधी सांगितलं की नाही, कोण जाणे. तुझे आजोबा गुजरातेत एका रंगाच्या कारखान्यात होते. त्यांचं नाव हिरू. मी तोंडाने घेत नाही, विमलबाईने आपलं आपण लिहिलं. चार महिन्यांनी यायचे ते नखं निळी घेऊन. एका खेपेला आले नाहीत. भिवा तेव्हा एकोणीस वर्षांचा. गावातल्या येसाजीकाकांना घेऊन शोधायला गेला. तिथे कळलं, की रस्त्यात पडले, इस्पितळात नेलं, तिथेच वारले, आणि बेवारस म्हणून जाळूनही झालं. ज्याच्या खोलीत सहा वर्षं राहिले, त्या माणसाने पोलिसांना सांगितलं होतं की असा कोणी माझ्याकडे राहत नाही. कसली तरी भानगड नको म्हणून म्हणाला असेल. भिवा घरी आला, पाय न धुता चुलीपुढे बसला आणि म्हणाला, 'आये, बाबा तिथं कदी रायलेच नाय म्हनतात.'

आमदार झाल्यावर पहिल्या भाषणात तो रस्ते नाहीतर पाणी मागेल असं गावाला वाटलं. तो बोलला मेलेल्या माणसांवर. परमुलखातला कोणी कारखान्यात किंवा हायवेवर मेला, तर घरचे सापडेपर्यंत त्याला जाळायचं नाही, आणि त्याचं नाव-गाव शोधायचं काम सरकारचं. बाहेर आल्यावर त्याच्याच पक्षातला एक जण म्हणाला, 'भिवाशेठ, मेलेले मत देत नाय रं.' हा म्हणाला, 'मग जिवंत हायत त्यांचीबी नावं घालतो, थांब.' आणि घातली. रेशनवर घातली, शाळेत घातली, मतदारयादीत घातली. हायवेला जमीन गेल्यावर जो तुकडा उरला, त्यावर बारा खोल्यांची चाळ बांधली, आणि पत्ता दिला आपल्या घराचा.

मी काही त्याच्यासारखी नव्हते. मोहोपाड्याच्या कारखान्यांत जाणारी ही परमुलखातली माणसं त्याने चाळीत आणली, तेव्हा मी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. मोहरीच्या तेलाचा वास मला अजून सोसत नाही. सातव्या खोलीतली मैना ओडिशाची, अठरा वर्षं झाली तिला इथे. तिला हे माहीत आहे. फोडणी घालायच्या आधी ती माझी खिडकी बाहेरून लोटून घेते, आणि मी आतून उघडते. भांडायला काही तरी हवं ना. भिवा गेल्यावर तेराव्यानंतर पुढारी यायचे थांबले. मैना थांबली नाही. रोज सकाळी त्याच्या फोटोला जास्वंद लावायची. मी म्हणायचे, 'झाड माझं, लेक माझा, तुझं काय गेलं गं त्यात?' ती म्हणायची, 'आजी, वाकायला मला लागतं.'

आता त्या रविवारचं सांगते. तू खोपोलीहून जिलेबी घेऊन आलास, अर्धा किलो, गरम. माझ्या मांडीला मांडी लावून बसलास आणि म्हणालास, 'आजी, हायवेच्या तोंडाशी बाबांच्या नावाची कमान उभी करायची हाय. जागा तुझी, तवा तुझा अंगठा लागंल.' मी विचारलं, 'नाव केवढं लिहिणार रं?' तू म्हणालास, 'धावत्या गाडीतून वाचता येईल एवढं.' मी म्हटलं, मला उभ्याने पण वाचता येणार नाही, पण असू दे. तू माझा अंगठा धरलास, शाईवर टेकवलास, कागदावर दाबलास. मग स्वतःच्या रुमालाने माझं बोट पुसलंस, नखाच्या कडेची शाईसुद्धा. इतक्या मायेने माझं बोट आजवर कोणी पुसलं नव्हतं.

तू गेल्यावर मी ती जिलेबी चाळीत वाटली. बाराही खोल्यांत. तुमच्या भिवाशेठची कमान होणार म्हणून.

आठ दिवसांनी मैना आली. हातात तहसील कचेरीची नोटीस होती. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, 'आजी, आमी इथं रायत नाय का?' मला वाटलं थट्टा करते. मी म्हटलं, 'रायतेस तर! माझ्या छाताडावर रायतेस.' ती हसली नाही. मग विमलबाईने वाचलं. बारा खोल्यांतली एकतीस नावं होती. ही माणसं माझ्या घरात कधी राहिली नाहीत, मी यांना ओळखत नाही, यांची नावं मतदारयादीतून काढून टाकावीत, असा माझा अर्ज होता. खाली अंगठा होता.

मैना तो कागद घडी करून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी फोटोला फूल नव्हतं, आणि माझी खिडकीही कोणी लोटली नाही. गुजरातेतल्या त्या खोलीवाल्याला मी चाळीस वर्षं बसल्या जागेवरून शिव्या दिल्या, धनेश. आता मी त्याच्याच पंगतीला बसले आहे, आणि पान मला तू वाढलंस.

तुझ्या कर्जतच्या फ्लॅटवर येऊन तुला कोणी काय सांगितलं, पक्षाच्या तिकिटासाठी काय अट घातली, ते मला माहीत नाही. मला एकच आठवतं. भिवाने मला अक्षरं शिकवायचा लई प्रयत्न केला. मी म्हणायचे, शिकून काय तहसीलदार होणार का मी? तेव्हा त्याने बजावलं, 'आये, वाचून घेतल्याबिगर कुठंच अंगठा देऊ नको.' मी विचारलं, 'वाचून कोण दाखवील?' तो म्हणाला, 'मी हाय. मी नसलो तर धनेश हाय की.'

विमलबाईने पेन खाली ठेवलं आहे, डोळे पुसते आहे. लिही म्हटलं तिला.

हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. गुरुवारी अकरा वाजता खालापूरच्या तहसील कचेरीत त्या अर्जाची सुनावणी आहे. मी जाणार आहे. अंगठा माझा, पण त्यातलं एक अक्षर माझं नाही, असं सांगणार आहे. मग साहेब विचारतील, कागद कोणी आणला. विमलबाई म्हणते, आठवत नाही म्हणा, वय झालंय, चालून जाईल. दोन दिवस मी तेवढंच घोकून पाहिलं, तोंडातून निघत नाही. तुझी उमेदवारी जाईल, कदाचित पोलीसही येतील, हे मला कळतं. तिथे ऐकण्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस, म्हणून विमलबाई उद्या स्वतः कर्जतला येऊन हे तुझ्या हातात देईल. तू आधी येऊन आपल्या तोंडाने बोललास, तर मी तुझ्या शेजारी बसेन, कोणी काही म्हणो. नाही आलास, तर मला तीनच शब्द बोलायचे आहेत, 'माझ्या नातवाने आणला.' तू जन्मल्यापासून 'माझा नातू' म्हणताना माझी मान नेहमी वर असायची रं. गुरुवारी ती कशी ठेवायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझीच,
आजी