सहीसाठी आलेला कागद

शारजा, मार्च २००९

ती. दादास शोभनाचा नमस्कार.

परवा सकाळी नातीचा डबा भरून मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात ऑफिसला गेलेला सिद्धांत परत आला. ‘खलास, आई,’ म्हणाला. तू काळजी करू नकोस, मिळेल त्याला दुसरी नोकरी. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

हे गेल्यापासून मी दुपारी वाचत बसते. परवा जुन्या फ्रान्समधल्या एका सरदारकन्येबद्दल वाचलं. विधवा झाल्यावर भावांनी तिला मठात जायला सांगितलं, पण वडिलांच्या गढीवरचा हक्क तिने मरेपर्यंत सोडला नाही. आपल्याकडे बहिणी साडीचोळी घेऊन सोडतात. मीही सोडणार होते रे. पण परतावं लागलं, तर आम्ही उतरायचं कुठे?

काल तू पाठवलेलं हक्कसोडपत्र सही न करताच तुला परत पाठवलं.

तुझीच,
शोभना