अनिताताईची चारचाकी

४ डिसेंबर

आज पळाले नाही. बूट घालून दारापर्यंत गेले आणि परत येऊन काढले. माय चुलीपाशी होती. "आज न्हाई गेली का गं?" मी बूट कोपऱ्यात ठेवले. तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं, आणि तिचा यात काही दोष नाही.

बातमी खरी निघाली. अनिताताईचं लग्न ठरलं. ठरू दे, लग्नाचं मला वाईट वाटत नाही. पण मुलाला चारचाकी द्यायची ठरली आहे. मुलगा कृषी खात्यात आहे म्हणून. आणि गाडी ताईच घेऊन देणार, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून. कुंभार पिंपळगावातून पोलीस झालेली पहिली पोरगी, जिच्याकडे बघून आम्ही सगळ्या मैदानावर आलो, ती हुंडा देणार. वर घरोघर पेढे. आमच्याकडे आले त्यांना मी शिवले नाही. आण्णांनी दोन खाल्ले.

५ डिसेंबर

सारखा तिचा सत्कार आठवतोय. भरती होऊन आली तेव्हा शाळेपासून बाजारापर्यंत हलगी, गुलाल, ट्रॅक्टरवर ताई. माईकवर जे बोलली ते इथल्या प्रत्येक बापाला पाठ आहे. "हुंड्यासाठी वावर इकू नका. पोरीला मैदान द्या. अंगावर वर्दी आली की हुंडा मागायची कोणाची छाती व्हनार न्हाई."

या एका वाक्यावर आम्हाला घरून सोडलं. पुढे तर रिवाजच पडला. जो बाप अडून बसेल त्याच्या घरी ताईला जेवायला बोलवायचं. ताई सुट्टीवर आली की आज इथे धपाटे, उद्या तिथे पुरणपोळी. ती जेवायची, हेच वाक्य म्हणायची आणि हात धुवायच्या आधी बापाकडून हो म्हणवून घ्यायची. आण्णांनी मला असंच सोडलं. माझ्याबरोबर पळणाऱ्या पूजालाही तिच्या वडिलांनी.

आता हे वाक्य परत कोण घेणार? ताई?

९ डिसेंबर

ज्याची भीती होती तेच झालं. पूजा आली नाही. ताई नोकरीवर जालन्याला गेल्यापासून सकाळी पोरींना मीच पळवते, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते मला माहीत. ८०० मी. मध्ये पूजाच्या जवळपास कुणी नाही. मी तर नाहीच, माझी सगळी भिस्त लेखीवर. ही पोरगी यंदा लागणार, डोळे झाकून सांगते.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिचे वडील, दिगंबरकाका, ओट्यावर बसले होते. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी.

"हे बघ सुनीता, पोलीस होऊन बी गाडी द्यावीच लागती. मंग मी आधी हिच्या क्लासचा खर्चा करू, अन् मंग नौकरीवाला जावई पाहून त्याला बी देऊ? डबल खर्चा हाये हा. घरी ठिवली तर वावरवाला पोरगा बी चालतो."

हिशोबात चूक सापडेना, म्हणून जास्तच संताप आला. आत पूजा भांडी घासत होती. एवढी आदळत होती की काका दोनदा ओरडले.

१२ डिसेंबर

आणखी दोघी गळाल्या. आज बाजाराचा दिवस. भाजी घेत होते तर ओळखीची बाई म्हणते, "तुमच्या पोलीसबाई गाडी देऊन राह्यल्या म्हने." आणि बाजूची हसली. मी म्हणाले, तिच्या पगारातून देते, तुमच्या टोपल्यातून नाही. घरी येईपर्यंत स्वतःचाच राग आला. बाजू कशाला घेतली मी तिची?

आण्णा रात्री जेवताना म्हणाले, "लई डोक्यावर घेतल्तं तिला." घेतलं कोणी? तुम्हीच. हलगीच्या पुढे नाचत होतात. हे बोलले नाही. बोलायला हवं होतं. माझंही मैदान बंद झालं असतं, म्हणून भाकरी खाल्ली आणि उठले.

१५ डिसेंबर

जालन्याला जाऊन आले. ताईला न सांगता गेले. भाड्याची खोली. ड्यूटीवरून नुकतीच आली होती, बादलीत वर्दी भिजत घालत होती. बघून खूश झाली. मी नाही झाले.

सरळ विचारलं. तूच म्हणायचीस ना, मागायची कुणाची छाती होणार नाही?

"तवा मला नौकरी लागून चार दिवस बी झाले नव्हते. मला काय म्हाईत होतं?"

मी म्हणाले, आता माहीत आहे ना? गुन्हा आहे तो. घेणं पण आणि देणं पण.

तशी ती उठली. हाताला साबणाचा फेस तसाच. "मला कायदा शिकवू नको सुनीता. बायांच्या तक्रारी माझ्याकडंच येतात. रोज त्यांचे जबाब लिहून घेते मी. ज्या देत न्हाईत त्यांचं पुढं काय व्हतं, ते माझ्याच हातानं लिहिते. म्हनून देऊन राह्यले."

मी म्हणाले, पूजा घरी बसली तुझ्यामुळे.

"मंग काय करू? पूजासाठी सोयरीक मोडू? माझं वय काय झालंय बघ. माझी माय झोपत न्हाई."

नंतर तिने विचारलं, जेवलीस का. मी हो म्हणाले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिच्या हातचं खायचं नव्हतं मला. एसटीत अंबडपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले, रागानेच.

१६ डिसेंबर

आज राग दुसरीकडेच फिरला आहे.

ताईला सगळे बोलतात. बाजारातली बोलते, आण्णा बोलतात, मी तर जालन्याला जाऊन बोलून आले. त्या कृषी खात्यातल्या बाब्याला कोण बोललं? त्याच्या गावात त्याचाही सत्कार झाला असेल, हार पडले असतील. शिकला, नोकरीला लागला आणि गाडी मागितली. त्याच्याकडे बघून कुणी पोराला शाळेतून काढलं का? कुणाच्या बापाला धक्का बसला का? त्याने काही केलं तरी तो एकटाच वाईट ठरतो. ताई चुकली की आम्ही सगळ्या चुकलो. हा कुठला न्याय?

तरी ताईला माफ केलेलं नाही. तिला कळत होतं. कळून दिलं.

आणि ते वाक्यच मुळात सडकं होतं. पोरीला पळू द्या कारण हुंडा वाचेल. म्हणजे पोरगी आपली तोट्याचीच, मैदानाने तोटा जरा कमी होईल, एवढंच. आम्ही त्यावर टाळ्या वाजवल्या. मी तर शिट्टी वाजवली होती.

२० डिसेंबर

दुपारी पूजाची आई आली. इकडचं तिकडचं बोलली, मग पदराशी खेळत म्हणाली, "परवा जेवायला ये आमच्याकडं. आता तूच सांग तिच्या बापाला. तुझं ऐकतील."

माझं? मी अजून भरतीसुद्धा झालेले नाही. मागच्या वेळी लेखीत आपटले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण यांना कुणीतरी लागतंच. एक गणपती बुडवला की दुसरा बसवायचा. उद्या मी लग्नात काही दिलं घेतलं की माझ्या नावाने कुठल्यातरी पोरीचे बूट जाळतील. नाही म्हणणार होते. तिच्या आईचं तोंड बघून हो म्हणाले. जाऊन सांगू काय?

२२ डिसेंबर

जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

काका आणि मी ताटावर. पूजा वाढायला. तिची आई चुलीपाशी, कान आमच्याकडे. वरण, भाकरी, ठेचा, माझ्यासाठी म्हणून गुळाचा शिरा. काकांनी अर्धी भाकरी संपवली. मग म्हणाले, "बोल. काय फायदा हाये?"

ताईचं वाक्य म्हटलं असतं तर कदाचित मानलेही असते. चांगले आहेत ते, त्यांना फक्त कारण हवं होतं. पण ते मला म्हणवेना. मी म्हणाले, काका, फायद्याचं मला माहीत नाही. हुंडा कदाचित द्यावाही लागेल. तुम्ही द्यायचा की नाही ते तुमच्यावर आहे. पण पूजासारखं पळणारी मी पाहिलेली नाही.

"म्हंजे तुलाच भरोसा न्हाई."

नाही, मी म्हणाले. चुलीपाशी तिच्या आईचा हात थांबला. मला वाटलं, झालं, संपवलं मी.

तेवढ्यात पूजा म्हणाली, "बाबा, हितं मी हाये की. ताईला इचारलं, सुनीताताईला इचारलं. मला इचारा ना."

मोठ्याने बोलली नाही. हातात भाकरीची टोपली होती. एवढ्या घरी एवढी जेवणं झाली, पण ज्या पोरीचं ठरवायचं ती नेहमी आतच असायची. माझ्या वेळी मी पण आतच होते. ताई बाहेर माझ्या वतीने बोलत होती आणि मी पोळ्या लाटत होते. हे आत्ता लिहिताना सुचतंय आणि कुणावर चिडावं तेच कळत नाही.

काकांनी तिच्याकडे बघितलं. घास हातातच. रागावले नव्हते. घास परत ताटात ठेवला.

"काय इचारू?" म्हणाले. खरंच माहीत नसल्यासारखे.

पूजाने टोपली खाली ठेवली आणि त्यांच्या समोर बसली.