हेल्मीच्या कोंबड्यांचा हिवाळा

६ ऑक्टोबर, रविवार

हेल्मीला भेटून आलो. पक्षाघाताचा झटका आल्यापासून महिना झाला तिला त्या शुश्रूषागृहात. डावा हात अजून लुळाच, पण बोलणं पुष्कळ सुटलंय. नर्स डोरीन सांगत होती, "आज अकरा पावलं चालल्या! घरी कोंबड्या वाट बघतायत, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात." बारा पायऱ्या चढता आल्या की घरी सोडणार म्हणे.

नवऱ्याची चौकशी नाही! आठ कोंबड्या कशा आहेत, आणि पाद्रीबुवा कसे आहेत. पाद्रीबुवा म्हणजे कोंबडा. रविवारी जास्त ओरडतो, म्हणून तिनंच ठेवलेलं नाव. निघताना माझं मनगट धरलं. "खुराड्याच्या छपराखालची फट बुजवू नकोस हं, वाइनो. शपथ घे."

घेतली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

फट बुजवली.

वीतभर रुंद, खुराड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! चाळीस वर्षं या गावात सुतारकी केली, माझ्या हातच्या घरात वारा शिरल्याची एक तक्रार नाही — आणि माझ्याच परसात हे भगदाड. दर हिवाळ्यात मी तिला म्हणायचो, "आभाळ तापवतेस काय?" ती हसायची. फट तशीच राहायची. आज फळ्या ठोकल्या, सांधे भरले, दाराला कापडाची पट्टी मारली. काम झकास झालंय. कोंबड्या उबेत दिसल्या की शपथेचं कोण काढतंय!

१० नोव्हेंबर, रविवार

सगळं गाव हरणांच्या मागे जंगलात. मी हेल्मीकडे. सांगितलं, तुझा पलंग खालच्या खोलीत आणला, जागा व्हावी म्हणून चटया विणायचा माग मोडून माळ्यावर टाकला — एका हातानं आता कुठे विणणार आहेस? वाटलं, बरं म्हणेल. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग विचारलं, "फट?"

"आहे तशीच," म्हणालो. किती सहज म्हणालो!

१ डिसेंबर, रविवार

उणे अठ्ठावीस. खुराड्याच्या खिडकीवर आतून बोटभर बर्फ! पाद्रीबुवांच्या तुऱ्याची टोकं काळी पडलीत. व्हॅसलीन चोळलं. ऊब कमी पडतेय. आणखी भुसा टाकला, राहिलेल्या बारीक फटीही चिंध्यांनी बंद केल्या.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळीच सौना, म्हणजे परसातली वाफेची न्हाणी, तापवली. माझी अंघोळ उरकल्यावर चूल मंदावू दिली आणि कोंबड्यांना उचलून आत आणलं, दोन-दोन करून. आमची माणसं सौनात जन्मली, मेल्यावर सौनातच न्हाऊन गेली, मग कोंबड्यांचंच काय वाकडं होणार? भिंतींवरून वाफेचं पाणी ओघळत होतं. खालच्या बाकावर ओळीनं बसल्या, डोळे मिटून. पाद्रीबुवा दाराशी. मी हसत सुटलो. हेल्मी हवी होती बघायला.

दुपारी खुराड्यात परत नेऊन सोडल्या.

८ डिसेंबर, रविवार

दोन मेल्या. बाकीच्यांच्या पिसांना बर्फाचे मणी लटकलेले. पाद्रीबुवांचा तुरा गेला बहुतेक.

समोरच्या घरातली इंपी वेलदोड्याचा पाव घेऊन आली होती — हेल्मीची मैत्रीण, नवरा गेल्यापासून एकटीच असते. मी खुराड्यातून बाहेर येईना, तेव्हा तीच आत आली. वर छताला हात लावून बघितलं, तळवा ओला.

"सुतारबुवा, खुराडं केलंस की शवपेटी?"

"थंडी केवढी आहे —"

"थंडीनं नाही मरत त्या. अंगावर पिसं आहेत ना! ओलीनं मरतात. नऊ जीव रात्रभर श्वास टाकणार, ती वाफ जायची कुठून? आणि वर तू त्यांना अंघोळ घालून आणलीस!" मग माझ्याकडे बघून हळू विचारलं, "हेल्मी काही बोलली नव्हती?"

"नाही," म्हणालो.

भेटायला गेलो नाही आज.

९ डिसेंबर, सोमवार

फळ्या उखडल्या. स्वतःचंच इतकं चांगलं काम, एकेक खिळा उपसून काढलं.

२२ डिसेंबर, रविवार

सांगायचंच, असं ठरवून गेलो. वाटेत दुकानातून अंडी घेतली, तिथल्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कोंबड्या आहेत ना?" पैसे ठेवून निघालो. डोरीननं अंडी उकडून आणून दिली. "सतरा पावलं आणि चार पायऱ्या!" म्हणाली.

हेल्मीनं विचारलं, "आठही बऱ्या?"

"आठही."

तिनं अंडं फोडलं. फिक्कट बलकाकडे बघत राहिली. मग मीठ लावून सावकाश सगळं खाल्लं. मला म्हणाली, "रस्ता निसरडा असेल, जपून जा."

२५ डिसेंबर, बुधवार

तिसरी गेली. बर्फाचं निमित्त सांगून घरीच बसलो.

१२ जानेवारी, रविवार

हवा उणे तीस, आणि उरलेल्या पाचजणी त्या उघड्या फटीखाली दांडीवर मजेत! भुसा कोरडा, काच कोरडी. इतकं सोपं होतं. तीस वर्षं ती हे माझ्या डोळ्यांसमोर करत होती, आणि मी चेष्टा करत होतो. तिला कधी विचारलं नाही, का म्हणून. कोंबड्यांचंच नाही, कशाचंच विचारलं नाही. मागाचंही नाही. लाज वाटते. माळ्यावरून माग खाली आणला, जोडून ठेवला.

१९ जानेवारी, रविवार

सांगितलं. फट, सौना, तिघी, दुकानातली अंडी, सगळं. रडलो तिच्यासमोर, या वयात.

ती म्हणाली, "इंपीनं डिसेंबरातच सांगितलं होतं. दर रविवारी वाटायचं, आज सांगशील." एवढंच. पण माझा हात हातात घेतला. डोरीन म्हणते, याच आठवड्यात सोडतील. येताना गाडीत शीळ घातली! घरी येऊन तिची खोली झाडली, नवी चादर घातली.

२३ जानेवारी, गुरुवार

हेल्मी बाराही पायऱ्या चढली. आज सोडलं तिला. ती इंपीच्या घरी राहायला गेली. फोनवर स्वतःच म्हणाली, राग नाही, पण न विचारता माझं ठरवलेलं आता नको, तिथेच राहणार, आणि कोंबड्या तिकडे पोचव. दुपारी पाचही कोंबड्या आणि पाद्रीबुवांना खोक्यांत घालून रस्त्यापलीकडे देऊन आलो. इंपी दारातच म्हणाली, "ती निजलीय. रविवारी येत जा भेटायला."