बुकरम लावलेलं लुगडं

ती. सौ. ताईस,

सोलापूरहून उत्कर्षाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (डोकं तिथंच राहू दे, वर काढायची सोय उरलेली नाही). तुझा गुडघा कसा आहे? नवी म्हैस रुळली का? इकडे सगळे खुशाल, निदान सासूबाई दुधनीहून येईपर्यंत तरी. फोनच केला असता, पण तू मधेच हसतेस आणि आज मला ते सोसायचं नाही. दाजी बाजाराला आलेत, बाहेर चहा पितायत, त्यांच्याच हाती हे देते (पाकीट नीट चिकटवून, त्यांची खोड मला ठाऊक आहे).

तर झालं असं. शेजारच्या आयेशाआपा जुन्या कपड्यांच्या हँडबॅगा शिवतात आणि आमच्या भिशीतल्या बायका त्या खांद्याला अडकवून मुद्दाम माझ्यासमोरून मिरवतात. मला दम निघेना. सासूबाई वन्संना बाळंतपणासाठी आणायला दुधनीला गेल्या आणि मी त्यांची ट्रंक उघडली (पायपुसण्याला चिंधी शोधतेय, असं मी स्वतःलाही सांगितलं). तळाशी हिरव्या लुगड्याचा तुकडा सापडला. नऊवारीचा जेमतेम दीड वार उरलेला, विटलेला, पण काठ असा की बघत राहावं, आणि मऊ तर विचारू नकोस. आपा म्हणाल्या, "पैले पूछ लेव, किसका है." मी म्हटलं, चिंधीला काय विचारायचं? झालं, कातरी चालली. काठाचे बंद केले, आतून ह्यांच्या जुन्या पँटचं अस्तर, वर चेन, आणि बॅग ताठ उभी राहावी म्हणून मी हट्टानं सगळ्या कापडाला बुकरम (शर्टाच्या कॉलरात घालतात ते, इस्त्रीनं चिकटणारं कडक कापड) लावून कडक इस्त्री मारली. लई देखणी झाली ताई, खोटं कशाला बोलू.

ती खांद्याला लावून आरशापुढं उभी होते, तोच सासूबाईंचा फोन. "उत्कर्षा, ट्रंकंत तळाला हिरवं लुगडं हाय बघ. धुऊन उन्हात घाल. माझ्या सासूचं हाय ते. आपल्यात बाळाला पयल्यांदा त्यातच घ्यायचं असतंय. ह्या घरात जन्मलेलं एकबी लेकरू त्याबिगर हातात घेतलेलं न्हाय." मी "व्हय" म्हटलं आणि बॅग खांद्यावरून उतरवली. ताई, वन्संना दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. ह्या खेपेला सासूबाई त्यांना फुलासारखं जपतायत. आता काही वेडंवाकडं झालं, तर त्या बोलणार नाहीत एखाद वेळेस, पण मी जन्मभर स्वतःला बोल लावत बसेन. मला फार भीती वाटतेय गं.

लगेच उसवायला बसले. दोरा निघाला, चेन निघाली, बुकरम काही निघेना. गरम पाण्यात घातलं, वाफ दिली, आपांनी नखांनी खरवडून बघितलं. मऊ लुगड्याचा पुठ्ठा झालाय पुठ्ठा! ह्यात बाळ गुंडाळलं तर ते जन्मल्या दिवशीच ताठ उभं राहील. आपा एरवी कशालाही हसतात, आज नुसतं "अल्ला रहम करे" म्हणाल्या.

बाकी सर्व ठीक. पोरांना आशीर्वाद.

तुझी,
उत्कर्षा

ता. क. आपल्या आईचं हिरवं लुगडं तुझ्याकडं आहे. तू ते उशाला घेऊन झोपतेस हे मला माहीत आहे, मागायला जीभ रेटत नाही. पण त्यातलं हातभर कापून पाठव. सासूबाईंचं म्हणून खपवते. बाळासाठी मागतेय, माझ्यासाठी नाही. (बरं, माझ्यासाठीही.)

ता. क. दुसरं. आईच्या लुगड्याला कात्री लावू नकोस! वन्संना वाटेतच कळा सुरू झाल्या, थेट दवाखान्यात नेलं, आणि सासूबाई कापड न्यायला घरी आल्या. मी ते हिरवे पुठ्ठे त्यांच्यापुढं ठेवले आणि ढसाढसा रडले. त्यांनी काठावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "माझ्या सासूचं सरलं. आता माझ्या सुनंचं चालू. तुझं जुनं सुती काढ, चल." ताई, माझ्या कपाटात एकूण एक साडी सिंथेटिक! त्यांनी सगळं खाली ओढून बघितलं. सुती, जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं असं माझं एकच आहे, फुलाफुलांचा गाऊन, आणि तो आत्ता माझ्या अंगावर आहे. रिक्षा खोळंबलीय, दाजी ओसरीवर बसलेत, आणि सासूबाई दाराला कडी घालून म्हणतायत, "बघतीस काय? काढ की!"