अब्बांच्या चार काड्या

शिवाजी पेठ, कोल्हापूर
शुक्रवार, XIV-XI-MMXXV
(घाबरू नकोस, तारीखच आहे. चौदा अकरा पंचवीस. अशी का, ते पुढे येईल.)

आदरणीय रोशनआपास,

धाकट्या फक्रुद्दीनचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दुल्हेभाईंचा खोकला यंत्रमागांच्या कापसानं आहे की विड्यांनी, याचा निकाल कबनूरच्या डॉक्टरनं लावला का? तुझ्या फराजला दुवा. इकडे सगळे ठीक म्हणायचे. माझी शुगर CCXIV आली (दोनशे चौदा), उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून जरा थरथरतो, बाकी अल्लाची मेहेरबानी. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. आपा, गेली अकरा वर्षं फोनवर तू "हं" म्हणतेस, मी "बरं" म्हणतो, आणि सव्वा मिनिटात आपली ईद उरकते. पत्रात तुला मध्ये "हं" म्हणता येत नाही. आणि हे आधीच सांगून ठेवतो, मी काही मागायला लिहीत नाही. मन मोकळं करायचं आहे, एवढंच.

आपल्या गल्लीच्या तालमीवरचं घड्याळ तुला आठवत असेलच. चार फुटी पत्र्याची तबकडी, त्यावर अब्बांनी हातानं काढलेले रोमन आकडे. पंचावन्न वर्षं ऊन-पाऊस खाऊन ते आकडे पार विटले होते. तालमीचा अध्यक्ष विश्वजित (पूर्वी गोलकीपर होता, अजूनही बोलताना दोन्ही हात पसरून उभा राहतो) एक दिवस दारात आला आणि म्हणाला, चाचा, फुटबॉलचा सीझन तोंडावर आलाय, तेवीस तारखेला तालमीचा कार्यक्रम हाय, आपण त्या तबकडीवर फ्लेक्सचा स्टिकर मारूया, तुमच्या नौमानलाच सांगितलंय. आपा, माझ्याच पोराला! मी चाळीस वर्षं या गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि माझा पोरगा खालच्या खोलीत मशीन लावून फ्लेक्स काढतो, ते मी रोज बघतोच. पण अब्बांच्या हातावर स्टिकर? मी म्हणालो, मी जिवंत असेपर्यंत नाही. मीच रंगवणार, हातानं. विश्वजित म्हणाला, रंगवा की, पर तेविसाला झकास दिसलं पायजे, न्हायतर स्टिकर. झालं. बोलून बसलो आणि मग लक्षात आलं की मला रोमन आकडे येतच नाहीत.

हसू नकोस. पाटीवर कोण रोमन आकडे सांगतं? म्हटलं, फिके आकडे गिरवताना चूक नको व्हायला, आधी शिकून घ्यावं. घरात शिकलेलं माणूस एकच, नौमानची आफशीन. पाचवीत आहे, शिष्यवृत्तीच्या क्लासला जाते, आणि शिकवायला लागली की खुर्चीवर उभी राहते. तिचा पहिला नियम असा की मोठ्याच्या उजवीकडे लहान बसला तर मिळवायचा आणि डावीकडे बसला तर वजा करायचा. (आपल्या अम्मांच्या दस्तरखानावर हाच नियम होता. उजवीकडच्याला जास्तीची चपाती, डावीकडच्याला धपाटा. मी कायम डावीकडे.) इथपर्यंत समजलं. मग तिनं नव्याण्णव लिहायला सांगितले. मी IC लिहिलं. शंभरातून एक वजा, याहून सरळ काय असतं? तिनं लाल पेननं भली मोठी फुली मारली. म्हणे I ला फक्त V आणि X मधूनच वजा होता येतं, शंभराच्या वाटेला जायचं नाही, म्हणून XCIX. मग एकोणपन्नास, IL नव्हे, XLIX. पुन्हा फुली. पन्नासाला L, पाचशेला D, हजाराला M, आणि शून्य त्यांच्यात नाहीच. (एवढं मोठं राज्य केलं आणि शून्य नाही! त्या देशातल्या मास्तरांनी नापास पोरांना काय दिलं असेल?) आणि सगळ्यात पक्का नियम, तिनं माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतला, की एकच चिन्ह सलग तीनपेक्षा जास्त वेळा लिहायचं नाही. म्हणून चार म्हणजे IV. हा नियम लक्षात ठेव, आपा, यानंच माझं वाटोळं केलं.

आठ दिवसांत मला ते जमलं, आणि जमल्यावर जे होतं तेच झालं. मी सुटलो. दिसेल तो आकडा रोमनमध्ये करायला लागलो. मी चौसष्ट म्हणजे LXIV. घर नंबर पंधराशे एकोणपन्नास, तो मी दारावर खडूनं MDXLIX असा लिहिला, तर गॅसवाला घर सापडलं नाही म्हणून सिलिंडर घेऊन परत गेला आणि सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुझं वयही काढलं. गेल्या वर्षी तू LXVIII होतीस, सहा अक्षरं. यंदा LXIX, चारच. रोमन लोकांत माणूस म्हातारं होता होता मध्येच हलकं होतं, हे मला फार आवडलं. तुझे गुडघे मात्र मराठीतच आहेत, त्याला इलाज नाही.

मग गेल्या आठवड्यात शिडी लावली आणि वर चढलो. खाली विश्वजित, पाच-सात रिकामटेकडे, आणि शिडी धरायला आलेली आफशीन. एक एक आकडा पुसत, वाचत चाललो. एक, दोन, तीन बरोबर. चारावर आलो तर काय, अब्बांनी चार उभ्या काड्या मारलेल्या! IIII. मी खाली आफशीनकडे बघितलं, तिनं वर माझ्याकडे बघितलं, आणि दोघांच्याही तोंडावर एकच नियम. बाकीचे अकरा आकडे बरोबर, हा एकच चुकलेला. पंचावन्न वर्षं गावाच्या डोक्यावर चुकीचा चार, आणि कुणाला पत्ता नाही! आता गप्प राहून दुरुस्त केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी शिडीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मंडळी, आमचे वडील चौथीपर्यंतच शिकले होते, हा आकडा त्यांचा चुकला, माफी असावी, मुलगा दुरुस्त करतोय. खालून टाळ्या पडल्या. मी पॉलिश पेपरनं अब्बांच्या चार काड्या पत्रा दिसेपर्यंत घासून काढल्या आणि तिथं झोकात IV काढला. बाकीच्या अकरा आकड्यांवर नुसता हात फिरवला. उतरताना मला वाटत होतं, आज आपण अब्बांच्या पुढे गेलो.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी झुंबरबाई दारात. तिला तू ओळखत नाहीस. ती रोज संध्याकाळी कोपऱ्यावर म्हशी आणते आणि लोकांना समोर धार काढून दूध देते. अक्षरओळख शून्य. तिनं तोंडाचा जो पट्टा सोडला, तो मी तुला लिहू शकत नाही, पण मतलब असा की तिला घड्याळ वाचता येत नाही, काड्या मोजता येतात. बारका काटा चार काड्यांवर आला की ती म्हशी सोडते, तीस वर्षं. त्या दिवशी काटा तीन काड्यांवरून पुढे गेला आणि चार काड्या आल्याच नाहीत. ती वाट बघत बसली. काटा फेंगड्यावर (म्हणजे V वर) आला तेव्हा तिला कळलं की चार गेले. इकडे गिऱ्हाइकं ग्लास घेऊन उभी, तिकडे म्हशी हंबरून हैराण. मी म्हणालो, बाई, सूर्य बघायचा की. तर म्हणाली, "घड्याळ हाय म्हंटल्यावर सूर्य कशाला बघू? आणि तुझ्या बापानं काढलेलं मला कळत हुतं, तुझं का कळंना रं?"

विश्वजितनं मला धरून ज्ञानू घड्याळवाल्याकडे नेलं, खरं-खोटं करायला. ज्ञानूतात्यांना आता चौऱ्याऐंशी चालू आहे. मी वही काढून नियम सांगितला. त्यांनी भिंतीवरची तीन जुनी घड्याळं उतरवली आणि माझ्यापुढे मांडली. आपा, तिन्हीवर चार काड्या! म्हणाले, वहीतला चार वेगळा, तबकडीवरचा वेगळा, जुने कारागीर असाच काढत आले. समोर आठाचा आकडा भारी पडतो म्हणून इकडे चार काड्यांचं वजन लागतं, असं म्हणतात, आणि खालच्या बाजूला आकडा उलटा दिसतो तेव्हा IV आणि VI मध्ये माणूस फसतो. मग चष्मा पुसत म्हणाले, तुझा बाप माझ्या दुकानात तीन दिवस बसला होता, एकेक घड्याळ बघत. चौथीतला चार त्यालाही येत होता. मी दोन्ही दाखवले, तर म्हणाला, "काड्याच काढतो, ज्ञानू. ज्यास्नी वाचता येत न्हाई त्यास्नी मोजता तरी येईल."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो तो चांगला अर्धा तास. लाज वाटली, आपा. चौथी शिकलेल्या माणसानं जे तीन दिवस बसून समजून घेतलं, ते मी आठ दिवस शिकून पुसून टाकलं, आणि वर गावासमोर बापाची माफी मागितली. बापाच्या वतीनं! त्यांनी ते ऐकलं असतं तर नुसता ब्रश धुवायला घेतला असता. तुला आठवतं ना ते ब्रश धुणं? मार परवडायचा.

घरी आलो तर नौमाननं गुपचूप कॉम्प्युटर दाखवला. स्टिकरसाठी त्यानं काढून ठेवलेल्या तबकडीवरही चार काड्याच होत्या (कॉम्प्युटरच्या छापाच्या, अब्बांच्या मापाच्या नव्हेत). त्याला पंधरा दिवस आधीपासून माहीत होतं. मग बोलला का नाहीस, विचारलं. म्हणाला, तुम्ही माझं कधी ऐकलंय? मी पडद्यावरच्या काड्या बोटानं मोजल्या, चारच. आफशीन मात्र रडली. मग तिनं वहीत नवा नियम लिहिला, "घड्याळ सोडून", आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता म्हणशील, चार काड्याच ना, मार की पुन्हा. मारल्या. पाच वेळा मारल्या, पाच वेळा पुसल्या. पहिल्यांदा जाड झाल्या, चौकीचे गज दिसायला लागले. मग बारीक केल्या, तर चौथीला जागा उरेना. मग हात थरथरला आणि तिसरी काडी चौथीला जाऊन टेकली. अब्बांनी त्या एवढ्याशा जागेत चार काड्या अशा बसवल्या होत्या की खाली रस्त्यावरून मोजता याव्यात, आणि ते माप मी घेतलं नाही. फोटो शोधले. तालमीच्या पोरांच्या फोनमध्ये शेकड्यानं फोटो आहेत, पण प्रत्येकात ही पोरं जिंकलेला कप डोक्यावर उंच धरून उभी, आणि कप नेमका चाराच्या समोर. इतकं जिंकायची गरज काय होती? येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी तेवीस तारीख (XXIII). तोवर चार नीट बसला नाही तर अब्बांच्या अख्ख्या तबकडीवर स्टिकर चढणार, आणि तो माझाच पोरगा चढवणार. विश्वजित वाईट माणूस नाही, पण त्यानं हात पसरलेत, चेंडू आता माझ्याकडे आहे.

असं सगळं आहे. दमलोय, आपा. आणखी काही नाही. दुल्हेभाईंना सलाम, फराजला म्हणावं मामाची आठवण ठेव, आणि गुडघ्यांना तेल लाव.

तुझा भाऊ,
फक्रुद्दीन (आफशीनच्या मते अजून नापास)

ता.क. I: अकरा वर्षांपूर्वी, अब्बा गेले त्याच्या चाळिसाव्या दिवशी, तू त्यांची ब्रशांची पेटी मागितलीस, आणि मी म्हणालो की बायकांना ब्रश काय करायचाय, ही रद्दी ने. आणि कागदांची ती भेंडोळी तुझ्या हातात दिली. त्या भेंडोळीत अब्बांचे खाके होते, सुईनं टोचलेले कागद, ज्यावर गेरूची पुरचुंडी मारली की खाली ठिपके उमटतात. तबकडीचा खाका त्यातच असणार. तू रद्दीत घातली नसशील तर फराजबरोबर पाठव. काही मागत नाही म्हणालो होतो, ते खोटं होतं.

ता.क. II: रात्रभर आठवत बसलो. अब्बा नुसतं पेन्सिलनं काढायचे, टोचायचं काम तुझं होतं. तू चौदा वर्षांची होतीस, चटईवर पालथी पडून तो कागद टोचलास, आणि मी सुई लपवली म्हणून मला बदडलंस. म्हणजे त्या चार काड्या तुझ्या हातच्या आहेत. मी गावासमोर एकट्या अब्बांना नाही, तुलाही चुकीचं ठरवलं. ती माफी बाकी आहे, ती शिडीवरूनच मागेन, त्याच आवाजात.

ता.क. III: फराजला पाठवू नकोस, तूच ये. माझा हात थरथरतो, पुरचुंडी कुणीतरी धरायला पाहिजे. शिडी चढायची नाही, तबकडी खाली उतरवून घेतो. कागद उंदरांनी खाल्ला असला तरी ये.

ता.क. IV: पेटी पुसून दारात काढून ठेवली आहे, तुझीच आहे, घेऊन जा. आत दहा ब्रश होते ते नऊ निघतील, तेव्हा मोजून उगीच तोंड करू नकोस. एक मी ठेवून घेतलाय आणि तो मिळणार नाही.