कोऱ्या तिकिटांचा बंदोबस्त

३ जानेवारी १९९४, सोमवार
सुनेनं मला न विचारता मालकाच्या तिकिटांचा डबा फळीवरून काढला आन् तिच्या भावाला उघडून दाखवला. आधी ही तक्रार. आता देवाचं नाव. गणपती, मुंजोबा, सगळ्यांना नमस्कार.

ही डायरी खताच्या दुकानदारानं बन्सीधरला दिली. बन्सीधर माझा लेक. त्याला लिहायचं म्हणलं की जांभई येते. मी दुसरीपर्यंत शिकले, त्यातलं अर्धं साल गोवरात गेलं. तरी लिहिणार. तारीख टाकून लिहिलं की पुरावा होतो.

मालक झरीचे पोस्टमास्तर होते. जाऊन दोन वर्षं झाली. डब्यात त्यांनी जन्मभर जमवलेली टपालाची तिकिटं हायेत. निम्मी वापरलेली, पाकिटावरून पाण्यात भिजवून काढलेली. निम्मी कोरी करकरीत. निजामाचं राज्य गेलं तवा त्याची तिकिटं चालंनाशी झाली. लोकांनी चुलीत घातली, मालकानं गोळा केली. मी म्हणलं होतं, त्यापरीस घरात ज्वारी आणा. आता त्याच तिकिटांसाठी लोक मोटारसायकलवर बसून यायलेत.

लोक म्हणजे सुनेचा भाऊ, भुजंग. परभणीला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. सारखा हसतो. म्हणला, मावशी, फेब्रुवारीत परभणीत तिकिटांचं प्रदर्शन हाय, दिनकरराव म्हणून पोस्टातून रिटायर झालेले गृहस्थ भरवायलेत. त्यात काकांच्या नावाचा वेगळा टेबल लावू. मी एकेका तिकिटाचं चित्र कॉम्प्युटरमधी घेतो, सगळं नीट लावून देतो.

मालकाच्या नावाचा टेबल. परभणीत. हे मला पटलं. भुजंग पटला न्हाई. फुकट कामून करायलाय?

ठराव : टेबल घ्यायचा, भुजंगवर नजर ठेवायची. आजपासून डबा माझ्या उशाखाली.

४ जानेवारी
डब्यावर डोकं ठेवून मान धरली. डबा आता पायथ्याशी. सून द्वारका म्हणली, आत्याबाई, तेल लावून देऊ का. एवढी माया कशाला आली? लावून घेतलं. पण डोळे मिटले न्हाईत.

९ जानेवारी, रविवार
परभणीला गेले. एसटीत डबा मांडीवर. कंडक्टर म्हणला, आजी, लाडू हायेत का. मी म्हणलं, साप हाय. बाजूची बाई उठून मागं गेली, जागा ऐसपैस झाली.

भुजंगच्या क्लासात चपला बाहेर काढायला लावतेत. मी म्हणलं, कामून, आत देव बसवलाय का? तो म्हणला, धूळ चालत न्हाई, मावशी. कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं कापड. हळूच काढलं, घडी घातली. सख्ख्या बहिणीच्या लग्नात हा माणूस एवढं हळू वागला न्हाई. भिंतीवर पाटी होती, व्हायरसपासून सावध राहा. मी विचारलं तर म्हणला, यंत्राला रोग होतो. मी म्हणलं, मग माझी तिकिटं लांब ठेव. तर हसला. याचं हसणं मी लिहून ठेवायलेय.

लहान इस्त्रीसारखी एक वस्तू हाय. खालून उजेड पडतो. ती तिकिटावरून फिरवली की काचेत चित्र येतं. ह्याला स्कॅन म्हणतेत. चारमिनाराचं निळं तिकीट काचेत काळंपांढरं दिसलं. मी लगेच तिकीट हिसकून घेतलं आन् खिडकीत धरून बघितलं. निळा रंग जागेवर होता. पण किंचित कमी वाटला.

मग लावायचं कसं यावरून भांडण. तो म्हणला, सालवार लावू. मी म्हणलं, हे काय शाळेचं हजेरीबुक हाय? मी सांगितलं तसं लाव. आधी देव, मग राजे, मग पुढारी, मग गुरं, मग पाखरं, शेवटी यंत्रं. विमानाचं तिकीट त्यानं यंत्रात घातलं. मी पाखरात घालायला लावलं. उडतंय तर पाखरातच.

मग म्हणला, फाईलला काकांचं नाव देतो. मालकाचं नाव घेऊन विचारलं, भगवानराव असंच का? मी मान हलवली. मी जन्मात कधी नाव घेतलं न्हाई, आता घेणार का? त्यानं इंग्रजीतून बटणं दाबली आन् म्हणला, आठच अक्षरं बसतेत मावशी, रावमधला फक्त र आला. म्हणजे राव गेला! गावच्या पोस्टमास्तरला ह्यानं भगवान र केलं. मी विचारलं, तुझं नाव बसतं का? म्हणला, बसतं, सात अक्षरं हायेत.

बघा. ह्याचं बरोबर बसतं.

एवढ्यात लाईट गेली. अर्धं काम पुसलं म्हणला. माझा शक हाय की पायानं काहीतरी दाबलं. लाईट आल्यावर सगळं पहिल्यापासून केलं. संध्याकाळी एका काळ्या चौकोनी पापडासारख्या वस्तूत सगळी चित्रं भरून दाखवली. फ्लॉपी म्हणतेत. एवढा डबा एवढ्याशा पापडात? माझा विश्वास न्हाई.

११ जानेवारी
शेजारची सरजाबाई आली. तिला सगळं सांगितलं, कारण ती कुणाला सांगत न्हाई. म्हणली, चतुराबाई, अगं चित्र एकदा यंत्रात गेलं की तो पाहिजे तेवढी तिकिटं छापील, आन् खोटी तुझ्या डब्यात टाकून खरी घेऊन जाईल. तिचा भाचा नांदेडला हाय, म्हणून तिला कळतं.

मला हे आधीच कळलं होतं. तिनं फक्त बोलून दाखवलं.

१२ जानेवारी
दिवसभर विचार केला. वापरलेलं तिकीट कोण चोरतं? त्याला पाकिटावर कुणी घेत न्हाई. चोराला कोरंच लागतं. मग कोऱ्याचा बंदोबस्त करायचा.

बन्सीधरला म्हणलं, तुझ्या मेव्हण्याबद्दल काय मत हाय तुझं? म्हणला, बघू. ह्या घरात बघायला मी एकटीच.

१४ जानेवारी, शुक्रवार, संक्रांत
भुजंग आज डबा दिनकररावांना दाखवायला न्यायला येणार होता. आला न्हाई. रेडिओवर सांगितलं, औरंगाबादच्या विद्यापीठाचं नामांतर झालं. गावोगाव बंदोबस्त, एसटी बंद. नावासाठी लोकांनी सोळा सोळा वर्षं लढून जीव दिले. आन् हा म्हणतो, राव बसत न्हाई.

द्वारका वाण घेऊन गल्लीत हळदीकुंकवाला गेली. मला कोण बोलावतंय. घरात मी आन् डबा.

मालकाचा लाकडी मुठीचा रबरी शिक्का पेटीत सापडला. सरकारी शिक्का रिटायर होताना त्यांनी परत केला, हा घरचा. गोल हाय. आत मालकाचं पूर्ण नाव, रावासकट, आन् खाली पोस्टमास्तर, झरी. मला जे तोंडानं घेता येत न्हाई ते ह्याला येतं.

तीस वर्षं मी ह्या माणसाला ओसरीवर बसून टपाटप शिक्के मारताना बघितलं. शिक्का बसला की तिकीट संपलं. मग ते चोराच्या बापाला उपयोगाचं न्हाई. एवढी साधी गोष्ट, पण भुजंगसारख्या शिकलेल्यांच्या डोक्यात यायची न्हाई.

पॅड वाळलं होतं. निळी शाई ओतली, जरा जास्त झाली. मग बसले मारायला. एकेक कोरं तिकीट पाटावर ठेवायचं आन् वरून शिक्का. पहिली थोडी फिसकटली. नंतर हात बसला. शेवटी तर मालकासारखा आवाज यायला लागला. चारमिनार, राजे, सगळ्यांवर मालकाचं नाव. एक सुटलं न्हाई. वाळवून डब्यात भरली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात.

आता येऊ दे त्याला. द्वारकाला सांगितलं न्हाई. तिच्या पोटात राहत न्हाई.

तिळगूळ दिला तिनं. गोड होता. तरी शक हायच.

१७ जानेवारी
बोटं अजून निळी. द्वारकानं विचारलं. मी म्हणलं, वांगी चिरली. ती म्हणली, आज तर पिठलं केलंय. हिचं लक्ष लय असतं.

२२ जानेवारी, शनिवार
परभणीला गेले. भुजंगला म्हणलं, चित्रं पूस. तो म्हणला, कामून, मावशी? मी म्हणलं, माझी मर्जी. तो म्हणला, आख्खा दिवस घालवला, प्रदर्शनात लोकांना दाखवायची हायेत. मी म्हणलं, खरी तिकिटं असताना चित्रं कशाला, नवरदेव हजर असताना फोटोशी लग्न लावतेत का?

त्यानं फ्लॉपी घातली. म्हणला, यंत्र विचारायलंय, खरंच पुसायचं का? माणसानं विचारलं न्हाई, यंत्रानं विचारलं. यंत्राला रीत हाय. वाय नावाचं बटण दाबायचं होतं. मी म्हणलं, तू दाबू नको, मी दाबते. तुझ्यावर विश्वास न्हाई. मीच दाबलं. मग मोठ्या डबड्यातलं पण पुसलं, तिथंबी मीच दाबलं. काच रिकामी. जीव थंड झाला.

निघताना तो म्हणला, असू द्या, तिकिटं तर हायेत, परत घेता येतील. आन् म्हणला, दिनकरराव त्या कोऱ्या निजामी तिकिटांचीच वाट बघायलेत, एवढ्या जिल्ह्यात कुणाकडं न्हाईत म्हणतेत, त्यांच्यासाठीच टेबल दिलाय.

घ्या. म्हणजे दिनकररावबी त्यातलाच. सगळ्यांचा डोळा कोऱ्यांवर. बरं झालं मी आधीच बंदोबस्त केला.

त्यानं माझ्या मांडीवरचा डबा एकदा उघडून बघू का विचारलं. मी किल्लीवर हात ठेवला.

५ फेब्रुवारी
उद्या प्रदर्शन. ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं. बन्सीधर येतो म्हणला, स्वतःहून. द्वारकानं डबा ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केला. तिला हात लावू दिला, कुलूप होतं म्हणून.

ठराव : उद्या कमी बोलायचं. लोक कौतुक करतील तवा फक्त मान हलवायची.

६ फेब्रुवारी, रविवार, रात्री
शाळेच्या हॉलमधी प्रदर्शन. मालकाचा टेबल दारातच, सगळ्यात मोठा. वर भुजंगनं कॉम्प्युटरवर काढलेली लांब पट्टी. मोठ्या मराठी अक्षरांत मालकाचं पूर्ण नाव. रावासकट. भुजंग म्हणला, ही फाईल न्हाई मावशी, इथं बसतं. बन्सीधर पट्टीकडं लय वेळ बघत उभा राहिला. नाकाला रुमाल लावला. धूळ असंल.

दिनकरराव आले. बारीक माणूस, हातात भिंग. मला वाकून नमस्कार केला. म्हणले, वहिनी, तुमच्या मालकांनी जे जपलं ते कुणाला जपता आलं न्हाई. मी मान हलवली. कुलूप काढलं.

त्यांनी पहिलं तिकीट उचललं. भिंग लावलं. खाली ठेवलं. दुसरं उचललं. मग भिंग न लावताच तिसरं, चौथं. मग चष्मा काढून पुसला. मला वाटलं, डोळे दिपले.

हळू आवाजात म्हणले, हे कवा झालं?

मी म्हणलं, बंदोबस्त केला. आता कुणी चोरत न्हाई.

ते म्हणले, खरं हाय. आता कुणी चोरत न्हाई.

मला वाटलं कौतुक केलं. पण ते खुर्चीवर बसले आन् पाणी मागितलं. मग भुजंगला म्हणले, तू चित्रं घेतली होतीस ना आधी, कोरी असताना? तीच छापून टेबलावर लाव. निदान लोकांना कळंल काय होतं. आज पहिल्यांदा भुजंग हसला न्हाई. मी इकडंतिकडं बघितलं. द्वारका माझ्या बोटांकडं बघत होती.

शेवटी भुजंगनं सांगितलं, पुसली, चुकून. कुणी पुसली ते सांगितलं न्हाई. त्यात काय डाव हाय ते मला अजून कळलं न्हाई. शोधावं लागंल.

वापरलेली तिकिटं लावली, टेबलाचा एक कोपरा भरला. बाकी टेबल रिकामा. लोक आले, वर पट्टी वाचायचे, खाली बघायचे, आन् मला विचारायचे, आजी, ह्यांचं काय हाय इथं? मी म्हणायचे, पुढं चला, गर्दी करू नका. गर्दी नव्हती.

दिवसभर मी त्या नावाखाली बसून होते. उठले न्हाई. जेवायलाबी न्हाई.

७ फेब्रुवारी, सोमवार
द्वारकानं पट्टी घडी करून आणली, भिंतीला लावू का विचारलं. लाव म्हणलं.

बन्सीधर, जो जन्मात कधी काही विचारत न्हाई, तो आज भाकरीवरून उठला आन् म्हणला, आई, आबानं जन्मभर जपलेल्या तिकिटांवर शिक्के कामून मारलेस?

मला विचारायचं काम न्हाई. शिक्का काढून वाच. त्यावर ज्याचं नाव हाय, जबाब त्यानं द्यायचा.