गाळलेलं कडवं

मंगळवार, संध्याकाळ. रांझी.

डोकं अजून तापलेलं आहे. रोहित मुंबईत जाऊन पॉप गायक झाला, झाला तर झाला. आता जमैकाच्या जुन्या रेगे गाण्यांचा अल्बम करायला इथे जबलपूरला आला आणि बास गिटारवर मला घेतलं, कारण आम्ही रांझीत फॅक्टरीच्या एकाच क्वार्टर लाइनीत वाढलो. आज नेपियर टाउनच्या स्टुडिओत त्यानं एका गाण्यातलं गुलामांच्या साखळदंडांचं कडवं सरळ गाळून टाकलं.

"काहून गाळलं?" मी विचारलं.

"अबे, लोकांना नाचायचं आहे. इतकं हेवी कोण ऐकतं?"

ते कडवंच तर गाणं आहे! साखळदंड काढले तर उरलं काय, समुद्र आणि ऊन? आणि हे बोलून कोण राहिलं? ज्याचा बाप दर चौदा एप्रिलला आमच्या विहारासमोर भीमगीतं गायचा, तो. त्या काकांनी एक तरी कडवं गाळलं असतं का?

मी म्हणालो, "मग माझा बासही काढ त्या गाण्यातून."

वाटलं, हा नाही म्हणेल. तो शांतपणे रेकॉर्डिस्टकडे वळला. "भैया, बास डिलीट कर दो." माझ्या डोळ्यांसमोर पुसून टाकला.

मी गिटार उचलली आणि निघालो. नालायक माणूस! दारापर्यंत मुद्दाम हळू चाललो, हाक मारेल म्हणून. नाही मारली.

बरंच झालं. मारली असती, तर मी परत जाऊन बसलो असतो.